पायाखाली ऊब, वर लाकूड

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात जर्मनीतून भाच्याचा फोन आला. श्टुटगार्टजवळच्या एका गावात त्याचे लहानसे घर बांधून होत आले होते. भिंती उभ्या होत्या, छत झाले होते. अडले होते ते जमिनीपाशी.

"मामू, इथे जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्यात. वर लाकूड टाकायचंय. दुकानदार एकापेक्षा एक नमुने दाखवतो. आणि अम्मी म्हणते, चिखलीच्या घराचं सागवान पडून आहे, तेच पाठवते. काय करू?"

आपाचे म्हणणे वावगे नव्हते. वाटण्या झाल्या तेव्हा अब्बांच्या वेळचे घर उतरवावे लागले. त्याच्या तुळया, चौकटी आणि जाड फळ्या मागच्या पडवीत रचून ठेवल्या होत्या. नातवाच्या पायाखाली आजोबांच्या घराचे लाकूड असावे, असे एका मुलीला वाटणे साहजिक आहे. शिवाय तिला स्वतःला थंडीचे तीन महिने मुलाकडे काढायचे होते. तिचे गुडघे दुखतात, पण नमाज खुर्चीवर पढायला ती तयार नाही. "जमीन गरम असली तर सजदा होईल माझा," हे तिचे वाक्य मी फोनवर दोनदा ऐकले.

माझे आयुष्य बांधकामांवर देखरेख करण्यात गेले. पण जमिनीखालून गरम पाणी फिरवण्याची वेळ बुलढाण्यात कधी आली नाही. आपल्याकडे मे महिन्यात जमीन गार कशी ठेवावी हीच चिंता! तरीही भाच्याच्या निमित्ताने मी हा विषय नीट समजून घेतला. आज आपल्या कितीतरी घरांतली मुले थंड मुलखांत स्थायिक होत आहेत, घरे घेत आहेत आणि असा सल्ला विचारत आहेत. आयुष्यभराची बचत एकदाच त्या जमिनीत जाते. निवड चुकली, तर फळ्या उखडून पुन्हा सारे पैसे घालावे लागतात. म्हणून हा लेख.

चिखलीचे दार आणि जर्मनीची जमीन

या विषयाची किल्ली आपल्याच घराच्या दारात आहे. पावसाळ्यात दार फुगते, चौकटीत अडते, खांद्याने ढकलावे लागते. तेच दार मे महिन्यात सैल होते आणि फळ्यांच्या सांध्यांतून उजेड दिसू लागतो. त्या दाराला कोणी तापवलेले नसते की भिजवलेले नसते. हवेत ओल असली की लाकूड ती पिऊन फुगते आणि हवा कोरडी झाली की ओल सोडून आकसते. लाकूड कापून, रंधून, पॉलिश करून शंभर वर्षे झाली, तरी त्याची ही सवय सुटत नाही. उन्हा-थंडीपेक्षा त्याला हलवते ती हवेतली ओल.

एक हिशेब लक्षात ठेवावा. खोलीतील हवेची आर्द्रता ८० टक्के असेल, तर लाकडात मुरलेले पाणी सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ५० टक्के असेल तर ते ९ टक्क्यांच्या आसपास येते आणि ३० टक्के असेल तर ६ टक्क्यांपर्यंत उतरते. आपल्याकडचा ऑगस्ट आणि मे यांच्यात लाकूड दरवर्षी असा मोठा झोका घेते.

जर्मनीत हाच झोका उलट्या ऋतूत येतो. बाहेरच्या गोठलेल्या हवेत पाण्याचा अंश फार थोडा असतो. ती हवा घरात येऊन तापली की ठणठणीत कोरडी होते. त्यात लाकडाला खालूनही ऊब मिळाली, तर ते जानेवारीत असे सुकते, जसे आपले दार मे महिन्यात. दोन फळ्यांमध्ये फटी पडतात, कडा वर उचलल्या जातात, कधी फळी मधोमध तडकते.

घाटाखाली, मलकापुरातल्या एका ओळखीच्या घरी मी याचा दुसरा प्रकार पाहिला आहे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत हौसेने अस्सल लाकडाच्या रुंद फळ्या बसवल्या. काम झाले मे महिन्यात. मिस्त्रीने एकही फट राहू नये म्हणून फळ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून घट्ट बसवल्या. सर्वांनी कौतुक केले. ऑगस्टमध्ये खोलीच्या मध्यभागी जमीन तंबूसारखी वर आली. सुकलेले लाकूड ओल पिऊन फुगले, त्याला पसरायला भिंतीशी जागा नव्हती, मग ते वर उठले. भिंतीलगत १० ते १२ मिलिमीटर जागा सोडून ती पट्टीखाली झाकली असती आणि फळ्या अरुंद घेतल्या असत्या, तर एवढे नुकसान झाले नसते.

कठीण लाकूड की शांत लाकूड?

दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो, "लाकूड कठीण आहे ना?" गरम जमिनीसाठी हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न हवा, "हे लाकूड किती हलते?"

मेपल आणि बीच ही दोन्ही लाकडे कठीण आहेत, दिसायला गोरी आणि सुंदर आहेत. पण ती ओलाव्याला लगेच प्रतिसाद देतात. युरोपातले कारागीर गरम जमिनीसाठी ती टाळायला सांगतात. ओक मध्यम आहे. तेथे सर्वाधिक वापर त्याचाच होतो. अक्रोडही चालतो. आणि या सगळ्यांत शांत लाकूड कोणते? आपले सागवान! ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत किती आकसते याची मोजमापे पाहिली, तर आडव्या रेषांच्या फळीत बीच सुमारे १२ टक्के, व्हाइट ओक साडेदहा टक्के, तर सागवान सहा टक्क्यांहूनही कमी आकसते. कठीणपणात मात्र सागवान ओक आणि मेपलच्या खाली आहे. आपल्या आजोबांनी दारे-खिडक्यांसाठी सागवान निवडले ते उगीच नाही.

फरक प्रत्यक्षात किती पडतो? १२५ मिलिमीटर रुंदीची ओकची अखंड फळी घ्या. उन्हाळा ते हिवाळा तिच्यातला ओलावा चार टक्क्यांनी घटला, तर ती जवळजवळ दोन मिलिमीटर आकसते. तेवढीच सागवानी फळी एका मिलिमीटरच्या आत राहते. चार मीटरच्या खोलीत अशा तीसेक फळ्या बसतात. प्रत्येक सांध्यात दोन मिलिमीटरची फट म्हणजे त्यात तांदळाचा दाणा अडकेल.

फळी कशी चिरली आहे हेही पाहावे. फळीच्या टोकाकडे बघितले की झाडाच्या वर्तुळांच्या रेषा दिसतात. त्या रेषा उभ्या असतील, तर फळी आडव्या रेषांच्या फळीच्या जवळजवळ निम्मीच हलते. महाग पडते, पण टिकते. रुंद फळीपेक्षा अरुंद फळी बरी; हालचाल अनेक सांध्यांत वाटली जाते आणि डोळ्यांना दिसत नाही.

मग अब्बांचे सागवान का नाही?

आपाने हाच प्रश्न विचारला. "तू स्वतः म्हणतोस सागवान सगळ्यांत चांगलं, मग माझंच का नको?"

सागवानाचे गुण खरे आहेत. सातपुड्याच्या आणि ज्ञानगंगेच्या जंगलात वाढणारे सागवान आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. आपला जिल्हा पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. त्या काळापासून या भागातले सागवान बाजारात 'सी. पी. सागवान' म्हणूनच ओळखले जाते. पण जुन्या घराची फळी जाड असते, तिच्यात खिळ्यांची भोके असतात, आणि मुख्य म्हणजे तिच्यातला ओलावा चिखलीच्या हवेशी जुळलेला असतो. तिला तिकडे पुन्हा चिरून, भट्टीत सुकवून, थर करून बसवावे लागेल. सागवान तेलकट असल्याने डिंकही सहजासहजी धरत नाही. पृष्ठभाग आधी पुसून घ्यावा लागतो. एवढे करूनही तेथला कारागीर म्हणाला, "बाहेरून आणलेल्या लाकडाची हमी मी देणार नाही." घराच्या कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या माणसाने हमीशिवाय जमीन घालू नये. जुन्या लाकडाचा मान ठेवायचा तर त्याला असे काम द्यावे, जे त्याला झेपेल.

अखंड फळी की थरांची फळी?

तेथे बहुतेक जण 'इंजिनिअर्ड वुड' घेतात. नाव ऐकून ते नकली वाटते, पण तसे नाही. वर तीन-चार मिलिमीटरचा अस्सल ओकचा किंवा सागवानाचा थर असतो आणि खाली प्लायवूडसारखे एकमेकांना आडवे चिकटवलेले थर. एक थर रुंदीला पसरू पाहतो, त्याला खालचा आडवा थर धरून ठेवतो. त्यामुळे फळी फार कमी हलते. वरचा थर पुरेसा जाड असेल, तर पुढे एक-दोनदा घासून पुन्हा पॉलिशही करता येते.

येथे एक सावधगिरी आपल्या वाचकांसाठी. आपल्या शहरांतील दुकानांत 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेचसे लॅमिनेट असते. म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली पाटी आणि तिच्यावर लाकडाच्या छायाचित्राचा कागद. ते स्वस्त आहे, घ्यायला हरकत नाही. पण लाकडाचे दाम मोजून घेऊ नये. फळीची कड पाहिली की लगेच कळते.

ऊब वर येऊ द्या

जमीन तापवायची आणि वर लाकूड टाकायचे, यात एक पेच आहे. लाकूड उष्णता अडवते. म्हणून तर तव्याच्या मुठीला लाकूड लावतात. टाइलच्या तुलनेत कठीण लाकडातून उष्णता सातव्या हिश्श्याएवढीच पुढे सरकते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. काश्मीरमधल्या मशिदींत आणि जुन्या घरांत हमाम असतो. आपण हमाम म्हणजे न्हाणीघर समजतो, पण काश्मीरचा हमाम म्हणजे खालून तापवलेली खोली. जमिनीखाली पोकळी ठेवतात, तिच्यात लाकडे पेटवतात. वरच्या दगडी लाद्या तापतात आणि भांड्यात वुजूसाठी पाणीही गरम होते. बर्फाच्या दिवसांत लोक तेथे बसतात, नमाज पढतात. ज्या काश्मीरने देवदाराच्या लाकडात अख्ख्या खानकाह उभारल्या, त्याने हमामची जमीन मात्र दगडाची ठेवली. कोरियात जुन्या घरांची जमीन अशीच चुलीच्या धुराने तापवत; तेथेही वर दगड आणि त्यावर तेल लावलेला कागद असे. उघड्या आगीवर लाकूड टिकत नाही. आज ते शक्य झाले, कारण नळ्यांतले पाणी साधारण ३० ते ४५ अंशांचेच असते.

म्हणून दोन आकडे पाळायचे. पहिला, लाकडाच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २७ अंशांवर जाऊ देऊ नये. आपाला वाटत होते की जमीन तव्यासारखी तापत असेल. २७ अंश म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानापेक्षा कमी; पाय ठेवला तर 'गरम आहे' असे वाटत नाही, फक्त 'गार नाही' असे वाटते. गुडघ्यांना तेवढे पुरते.

दुसरा आकडा जाडीचा. वरचे आवरण उष्णतेला किती अडवते हे युरोपात एका मापाने मोजतात आणि ते ०.१५ च्या पुढे जाऊ नये असा दंडक आहे. १५ मिलिमीटरची थरांची फळी ०.१ च्या आसपास राहते. २२ मिलिमीटरची अखंड ओकची फळी ०.१२ पर्यंत जाते. म्हणजे पातळ फळी बरी. फळी नुसती टेकवून ठेवण्यापेक्षा संपूर्ण चिकटवलेली बरी. मध्ये हवेचा पडदा राहत नाही.

कोबा वाळू द्या

घाईने सर्वांत जास्त जमिनी येथे बिघडतात. नळ्यांवर सिमेंटचा कोबा ओततात. वरून तो आठ दिवसांत सुकलेला दिसतो, पण पोटात पाणी असते. सिमेंटच्या कोब्याला २१ दिवस झाल्याशिवाय तापवायचे नाही. मग पहिले तीन दिवस नळ्यांत २० ते २५ अंशांचे पाणी, त्यानंतर चार दिवस ठरवलेले सर्वाधिक तापमान, आणि त्यानंतरही ओलावा उतरेपर्यंत वाट पाहायची.

ओलावा मोजण्याची रीत गमतीची आहे. कोब्याचा तुकडा फोडून त्याची पूड बंद बाटलीत कार्बाइडसोबत हलवतात. तेच कार्बाइड, ज्याने आंबे पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. पाण्याशी संयोग होऊन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून ओलावा कळतो. तापणाऱ्या सिमेंट कोब्यासाठी तो १.८ टक्क्यांच्या आत यावा लागतो. भाच्याच्या घरी तो पहिल्यांदा जास्त आला. ठेकेदार म्हणत होता, "चालेल." भाच्याने थांबायचे ठरवले. तीन आठवडे भाड्याच्या घरात जास्त काढावे लागले, पण मी त्याला म्हणालो, "बेटा, हे भाडं वाया गेलं असं समजू नकोस."

मुसल्ला, गालिचा आणि गादी

आपल्या घरांत जमीन फक्त चालण्यासाठी नसते. दस्तरख्वान तिच्यावर पसरतो, मुले तिच्यावर अभ्यास करतात, पाहुणे आले की गाद्या तिच्यावर पडतात. म्हणून आपल्यासाठी काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात.

पातळ मुसल्ला अंथरायला काही हरकत नाही. नमाज झाली की तो आपण उचलतोच. आजकाल फोम भरलेले जाड मुसल्ले मिळतात, ते रात्रंदिवस एकाच जागी ठेवू नयेत. तीच गोष्ट जाड गालिच्याची. आपा इकडून एक भरदार गालिचा नेणार होती, तो मी इथेच ठेवायला लावला. लाकूड आणि गालिचा मिळून ऊब अडवतात. खोली गार राहते आणि गालिच्याखालचे लाकूड मात्र जास्त तापून सुकते. जमिनीवरची गादी सकाळी उचलून ठेवावी. पलंग आणि सोफा पाय असलेले घ्यावेत, खालून हवा फिरते.

वुजूची जागा आणि न्हाणीघर यांत लाकूड घालूच नये. तेथे टाइल योग्य. ओल्या पायांनी लाकडावर येण्याआधी दाराशी एक पायपुसणे असावे. दस्तरख्वानावर सांडलेले पाणी लगेच पुसावे. हिवाळ्यात खोलीतली आर्द्रता साधारण ३५ ते ५५ टक्के राहील असे पाहावे. आर्द्रतामापक लहानसा मिळतो. आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला तापमान एकदम न वाढवता रोज थोडे थोडे वाढवावे.

आपल्या बुलढाण्यात काय करावे?

घाटावर बुलढाणा-चिखलीकडे डिसेंबरच्या पहाटे टाइल्स पायाला झोंबतात, हे खरे. पण त्यासाठी जमिनीखाली नळ्या किंवा विजेच्या तारा घालण्याची गरज नाही. थंडीचे दिवस मोजके, उन्हाळा मोठा. शहाबादी किंवा कोटा फरशी उन्हाळ्यात गार राहते, तिला आपली हवा सोसते. थंडीत तिच्यावर सतरंजी अंथरावी, वृद्धांच्या खोलीत पलंगाजवळ आणि नमाजच्या जागी एक जाडसर जाजम टाकावे. कोणाला लाकडाचीच हौस असेल, तर अरुंद फळ्या, थरांचे लाकूड आणि भिंतीलगत मोकळी जागा, एवढे तरी पाळावे. फळ्या खोलीत काही दिवस उघड्या ठेवून मग बसवाव्यात. ठणठणीत उन्हाळ्यात घट्ट ठोकून बसवू नयेत.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी

परदेशात मुलगा-मुलगी गरम जमिनीवर लाकूड घालत असतील, तर त्यांना एवढे प्रश्न विचारायला सांगावे:

हे लाकूड गरम जमिनीवर चालते, असे बनवणाऱ्याने लेखी दिले आहे का? एकूण जाडी किती आणि वरचा अस्सल थर किती? फळी चिकटवणार की टेकवणार? कोब्याचा ओलावा कोणी, कधी मोजला आणि आकडा किती आला? पृष्ठभागाचे तापमान मर्यादेत ठेवणारे यंत्र बसवले आहे का? फटी पडल्या तर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

यातल्या एकाही प्रश्नाला "चालेल" हे उत्तर आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.

भाच्याने शेवटी १४ मिलिमीटरची, ओकच्या थराची अरुंद फळी चिकटवून घेतली. मागच्या हिवाळ्यात आपा तिकडे तीन महिने राहून आली. परतल्यावर मी विचारले, "कशी होती जमीन?" ती म्हणाली, "गरम नव्हती रे. पण फजरला गुडघे टेकवताना विचार करावा लागला नाही."

अब्बांच्या सागवानाचे काय झाले, तेही सांगतो. आमच्या सुताराने त्याच्या दोन चांगल्या फळ्या रंधून आपाच्या नमाजच्या खोलीसाठी एक कपाट केले आहे. पावसाळ्यात त्याचे दार थोडे अडते. आपा म्हणते, अडू दे.